एक बिनहुकमी

ब्रिजमध्ये शब्द पंधराच.
एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकमी,
पास, डबल, रिडबल.
संपली बोली.
आम्हा दोघा भावांना एवढे पुरतात.
अकरा वर्षं पुरतायत.

त्याआधी पुष्कळ होते.
बंदरावरच्या माणसांनी ऐकलेत ते सगळे,
हाल्व्हार्दुरनं बोट विकली त्या सकाळी,
मासेमारीच्या कोट्यासकट, मला न विचारता.
आईचं नाव होतं तिच्यावर, मीच रंगवलेलं.

पण गुरुवार तो गुरुवार.
इसाफ्योर्दुरमध्ये ऐन हिवाळ्यात
सूर्य डोंगरावर डोकं काढत नाही,
आणि माझ्या पद्धतीनं खेळणारा भिडू
या गावात दुसरा नाही.
शाळेचं जेवणघर, आठ टेबलं, कडू कॉफी.
तो उत्तर, मी दक्षिण.
काय ते टेबलावर.

परवा त्यानं कार्ड ठेवलं: एक बिनहुकमी.
म्हणजे पंधरा ते सतरा गुण,
चारही रंगांत थोडं थोडं,
कुठे भोक नाही, कुठे उंचवटा नाही.
शोभतं त्याला.
असं उघडणारा माणूस एका दमात सगळं सांगतो
आणि मागे रेलून बसतो.
बळ त्याचं, पण इथून पुढे
कप्तान मी.

माझ्याकडे इस्पिकची दश्शी, नव्वी, छक्की, चौव्वी, दुर्री.
एक गुलाम, तोही चौकटचा.
बाकी नुसता पाचोळा.

दहा गुण असते तर डोळे मिटून तीन बिनहुकमी.
आठ असते, इस्पिक चारच असते, तर किलवरनं विचारलं असतं,
बदाम आहेत का रे चार, इस्पिक?
एका गुणाचा माणूस काय विचारणार.
पास म्हणालो असतो
तर तो बुडाला असता एकटाच,
माझी पानं समोर पसरून, कामाचं एक नाही.
मोह झाला. खोटं कशाला बोलू.

मग मी दोन बदाम ठेवले.
बदाम माझ्याकडे दोनच, सत्ती नि तिर्री.
जे आपलं नाही त्याचं नाव घ्यायचं,
आपलं असेल ते भिडूनं उच्चारायचं.

सोलरूननं चष्मा कपाळावर चढवला.
"म्हणजे काय?"
उत्तर मी द्यायचं नसतं. भिडूनं द्यायचं असतं.
हाल्व्हार्दुरनं घसा खाकरला.
"त्याच्याकडे इस्पिक आहेत. पाच तरी.
बाकी काही असेल, किंवा काहीच नसेल,
ते तो आत्ता सांगत नाहीये.
माझ्या तोंडून इस्पिक वदवतोय,
म्हणजे माझा हात झाकलेला राहील."

अकरा वर्षांत माझ्याविषयी इतकं बोलताना
मी त्याला ऐकलं नव्हतं.
चुकीचं त्यात काही नव्हतं.

दोन इस्पिक, तो म्हणाला.
पास, मी.

मी डमी. पानं मांडली.
"ताक्क," तो पुटपुटला. डमीला सगळेच म्हणतात.
बदामच्या तिसऱ्या फेरीला माझ्या दुर्रीनं
सोलरूनचा राजा मारला.
नव्वीनंही शेवटी एक हात आणला,
कसा, ते अजून कळलेलं नाही.
तरी सातच झाले. एक कमी.

इतर टेबलांवर एक बिनहुकमीवर सगळे पास म्हणाले होते
आणि दोन-दोन हातांनी बुडाले होते.
आम्ही एकानं.
त्या डावात तेवढ्यानंच पहिले.

बाहेर काचेवर बोटभर बर्फ.
माझी खरवडणी गेल्या आठवड्यात तुटली,
त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.
त्यानं आपली माझ्या बॉनेटवर ठेवली,
गाडीत बसला,
इंजिन चालू केलं, दिवे लावले, निघाला नाही
माझी काच होईपर्यंत.

आता ती पुढच्या गुरुवारी परत द्यायची,
की उद्याच त्याच्या घरी न्यायची,
याला आमच्या पद्धतीत
बोली नाही.